मांडीवरच्या मुलाचे कागद

एस.टी.च्या गाडीत नेहमी घडणारा एक प्रसंग तुम्ही पाहिला असेल. कंडक्टर मुलाकडे पाहतो, मग आईकडे पाहतो आणि विचारतो, "काय बाई, पोरगं केवढं?" आई म्हणते, "चार सरलीत, पाचवं लागलंय." एवढ्यात पोरगेच मध्ये तोंड घालते, "आई, मी तर दुसरीत आहे ना!" सारी गाडी हसते, आईही पदराआड हसते आणि अर्धे तिकीट निघते. एस.टी.त पाच वर्षांखालच्या मुलाला तिकीट नाही, पाच ते बारापर्यंत अर्धे. पण वयाचा दाखला मागतो कोण? कंडक्टरची नजर हाच दाखला.

विमानात ही नजर चालत नाही. तिथे मूल कितीही लहान असो, आईच्या मांडीवर झोपलेले असो, त्याच्याविषयी कागदाने बोलावे लागते. मोठा माणूस निदान स्वतःचे नाव सांगू शकतो, सही करू शकतो. तान्हे मूल काय सांगणार? ते कोण, कोणाचे, कोणत्या दिवशी जन्मले, आणि जो त्याला घेऊन चालला आहे त्याला तसा अधिकार आहे की नाही, या चारही प्रश्नांची उत्तरे कागदच देतो.

तुम्ही म्हणाल, आम्हा खेड्यातल्या माणसांना विमानाशी काय कर्तव्य? तर मंडळी, आपल्याच आळीत नजर टाका. कोणाचा जावई मस्कतला आहे, कोणाची भाची दुबईला, कोणाचा नातू अमेरिकेत जन्मला आहे. काही जिल्हा परिषदांच्या शाळांतली मुले इस्रो पाहायला विमानाने जाऊन आली. पशुपतिनाथाच्या यात्रेला निघालेली मंडळी रेल्वेचे दिवस वाचवण्यासाठी काठमांडूचे विमान धरतात. आणि बहुतेकांना कागदाची आठवण होते ती निघण्याच्या आठवड्यात.

माझ्या एका शेतकरी स्नेह्याच्या घरी हेच झाले. त्यांची मुलगी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. जावई मस्कतला एका दुकानात हिशेबनीस. तालुक्याच्या दवाखान्यात मुलगा झाला. दवाखान्याने जन्माची खबर वेळेवर दिली, नोंदही झाली; पण त्या दिवशी बारसे व्हायचे होते, म्हणून नावाचा रकाना कोरा राहिला. पुढे बारसे थाटात झाले, घुगऱ्या वाटल्या, आत्याने कानात नाव सांगितले. ते नाव कचेरीत जाऊन सांगायचे मात्र कोणाला सुचले नाही. बाळ वीस महिन्यांचे झाले तेव्हा जावयाने कळवले की घर मिळाले आहे, दोघांना पाठवा. स्वस्त मिळतात म्हणून तिकिटेही काढून टाकली. मुलगा दोन वर्षांच्या आतला, मांडीवर बसणारा, म्हणून त्याचे भाडे थोडेच. कोणीतरी विचारले, "बाळाच्या पासपोर्टाचं काय?" आजोबा ठासून म्हणाले, "एवढ्याशा पोराला कसला आलाय पासपोर्ट? आईच्या पासपोर्टावर जाईल की!"

आजोबांचे पुढे काय झाले ते सांगतोच. पण आधी देशातल्या देशातला प्रवास उरकून घेऊ, कारण तो सोपा आहे आणि त्याबद्दल विनाकारण भीती आहे.

पुण्याहून दिल्लीला किंवा नागपूरहून मुंबईला जायचे असेल तर पासपोर्ट लागत नाही, मोठ्यांनाही नाही आणि मुलांनाही नाही. विमानतळाच्या दारावर ओळखपत्र लागते. २०१७ च्या ऑक्टोबरात नागरी विमान वाहतूक सुरक्षा ब्युरोने चालणाऱ्या ओळखपत्रांची यादी जाहीर केली. पासपोर्ट, मतदार कार्ड, आधार, पॅन, वाहन परवाना असे दहा प्रकार तिच्यात आहेत. त्याच वेळी असेही स्पष्ट केले की मूल आईवडिलांबरोबर किंवा पालकाबरोबर असेल आणि त्या मोठ्या माणसाजवळ ओळखपत्र असेल, तर मुलासाठी वेगळे ओळखपत्र नसले तरी चालेल. मग जन्मदाखला घरी ठेवावा का? नाही, मुळीच नाही. दारावरचा शिपाई मागणार नाही, पण तिकिटाच्या खिडकीवरचा माणूस मागेल. त्याला सुरक्षेपेक्षा वयाशी काम असते.

दोन वर्षांखालच्या बाळाला विमानात वेगळी जागा नसते. ते मोठ्या माणसाच्या मांडीवर बसते आणि त्याला एक छोटा पट्टा मोठ्याच्या पट्ट्याला अडकवून देतात. एका मोठ्या माणसामागे असे एकच बाळ. जुळी असतील तर दोन मोठी माणसे हवीत, नाहीतर एकाला जागा विकत घ्यावी. हा काही कंपनीचा हेका नव्हे. विमानात हवेचा दाब कमी झाला तर वरून प्राणवायूचे मुखवटे खाली येतात. बहुतेक विमानांत तीन जागांच्या रांगेवर चार मुखवटे असतात. म्हणजे एका बाजूच्या रांगेत एकाच मांडीवरच्या बाळाची सोय. शिवाय आणीबाणीत एक माणूस दोन तान्ही मुले सांभाळून बाहेर पडू शकत नाही. तेव्हा बाळ खरोखर दोन वर्षांखालचे आहे याचा पुरावा मागतात, आणि वय मोजतात ते प्रवासाच्या दिवसाचे. जाताना तेवीस महिन्यांचे असलेले बाळ परत येताना पंचवीस महिन्यांचे झाले, तर परतीला त्याला पूर्ण जागा घ्यावी लागते. लग्नकार्याला दोन महिने राहणाऱ्यांनी हा हिशेब आधी करावा.

एकटे मूल पाठवायचे असेल तर निरनिराळ्या कंपन्यांचे नियम निरनिराळे आहेत. सर्वसाधारणपणे पाच वर्षांखालच्या मुलाला एकटे घेत नाहीत, आणि पाच ते बारा वयाच्या मुलासाठी फॉर्म भरून घेतात. पोहोचवणारा कोण, उतरवून घेणारा कोण, दोघांची ओळख त्यात लिहिलेली असते आणि त्या माणसाशिवाय दुसऱ्या कोणाच्या हाती मूल देत नाहीत. "मी त्याचा चुलता आहे हो," एवढ्यावर भागत नाही. आणि गुरुजींनी सहलीला मुले विमानाने नेताना प्रत्येकाच्या गळ्यात शाळेचे छायाचित्र असलेले ओळखपत्र घालावे, शिवाय आधारची प्रत आपल्याजवळ ठेवावी.

आता देशाबाहेर. इथे आजोबांच्या म्हणण्याकडे वळले पाहिजे. आजोबा खोटे बोलत नव्हते. जुन्या भारतीय पासपोर्टात मुलांची नावे लिहायला जागा असे. आईच्या पासपोर्टावर दोन-तीन मुलांची नावे आणि जन्मतारखा चढवल्या की ती तिच्याबरोबर साता समुद्रापार जात. आता ते बंद झाले. आज जन्मलेल्या बाळालाही स्वतःचा, त्याच्या छायाचित्राचा पासपोर्ट लागतो. व्हिसा लागत असेल तर तोही त्याचा वेगळा.

हे का बदलले? एक कारण यंत्राचे. मॉन्ट्रियलला आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटना आहे. पासपोर्ट कसा असावा याचे मापदंड ती ठरवते. पासपोर्टाच्या पानावर तळाशी इंग्रजी अक्षरे आणि बाणासारख्या खुणा यांच्या दोन ओळी तुम्ही पाहिल्या असतील. प्रत्येक ओळीत बरोबर ४४ खुणा असतात आणि यंत्र त्या क्षणात वाचते. त्या दोन ओळींत एकाच माणसाचे नाव आणि एकच जन्मतारीख बसते. तीन पोरांची नावे तिथे मावत नाहीत. यंत्राला न वाचता येणारे पासपोर्ट २४ नोव्हेंबर २०१५ नंतर चालवायचे नाहीत, असे त्या संघटनेने ठरवले होते.

दुसरे कारण यंत्राचे नाही, आणि माझ्या मते तेच मोठे आहे. आईच्या पासपोर्टावर लिहिलेल्या नावापुढे चेहरा नसे. "मुलगा, वय चार" एवढेच. आता चार वर्षांचा कोणताही मुलगा हाताला धरून सीमेवर उभा केला, तर तो तोच हे अधिकाऱ्याने कशावरून ओळखावे? मुले पळवणारे याच फटीतून जात. कधी परका माणूस, कधी घरातलेच भांडण: नवराबायकोचे पटत नाही आणि एकजण दुसऱ्याला न सांगता मूल घेऊन परदेशी निघून जातो. बालहक्कांचा जो करार संयुक्त राष्ट्रांनी १९८९ मध्ये केला आणि भारताने १९९२ मध्ये स्वीकारला, त्यात मुलाला जन्मल्याबरोबर नोंदीचा आणि नावाचा हक्क आहे, असे एका कलमात म्हटले आहे. आणि मुलाला बेकायदा परदेशी नेणे रोखावे, असे दुसऱ्या कलमात. ही दोन कलमे एकमेकांपासून दूर नाहीत. नोंदच नसलेले मूल हरवले तर ते हरवले हे सिद्ध करायलाही कागद नसतो. अशा पळवलेल्या मुलांना परत पाठवण्यासाठी १९८० साली हेगला वेगळा करार झाला. भारत त्यात सामील झालेला नाही. त्यामुळे मूल एकदा बाहेर गेले की परत मिळवणे फार कठीण, आणि म्हणून जाण्याआधीच्या कागदावर एवढा कटाक्ष.

मुलाच्या पासपोर्टाची मुदत पाच वर्षे, किंवा अठरा पूर्ण होईपर्यंत, यांतले जे आधी येईल ते. पंधरा ते अठरा वयाच्या मुलाला दहा वर्षांचाही घेता येतो. मोठ्यांचा दहा वर्षांचा आणि मुलाचा पाचच वर्षांचा का? सहा महिन्यांच्या बाळाचे छायाचित्र आणि तेच मूल पाच वर्षांचे, हे शेजारी ठेवून पाहा म्हणजे कळेल. आईवडील आपल्या पासपोर्टाची तारीख ध्यानात ठेवतात आणि मुलाची विसरतात. त्यातही अनेक देश पासपोर्टाला अजून सहा महिने तरी मुदत असावी असे म्हणतात, म्हणजे पाच वर्षांतले उपयोगाचे साडेचारच.

अर्ज पासपोर्ट सेवेच्या सरकारी संकेतस्थळावर भरतात. स्वतःला जमत नसेल तर गावातल्या सेवा केंद्रातून भरून घ्यावा, पण भरणाऱ्याच्या शेजारी बसून प्रत्येक अक्षर वाचावे. मुलाच्या साध्या ३६ पानी पासपोर्टाचे शुल्क १००० रुपये आहे, आणि आठ वर्षांखालच्या मुलाला नव्या पासपोर्टासाठी त्यात दहा टक्के सूट. पूर्वी यासाठी मुंबई, पुणे, नागपूर किंवा पणजी गाठावी लागे. २०१७ पासून अनेक मुख्य टपाल कचेऱ्यांतच पासपोर्टाची केंद्रे उघडली आहेत, ती जवळ पडतात. मुलाला बरोबर न्यावे लागते. चार वर्षांखालच्या मुलाचे पांढऱ्या पार्श्वभूमीवरचे छायाचित्र आपण न्यायचे, मोठ्या मुलाचे तिथेच काढतात. तान्ह्याला सही येत नाही, म्हणून अंगठ्याचा ठसा घेतात. आईने त्याच्या जागी प्रेमाने आपली सही करू नये, अर्ज फुकट जातो.

पण हे सगळे नंतरचे. खरी मेख आहे जन्मदाखल्यात, आणि तो विमानतळावर मिळत नाही. तो ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत मिळतो.

१ ऑक्टोबर २०२३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलाच्या जन्मतारखेला पासपोर्टासाठी जन्मदाखला हाच एक पुरावा मानतात. २०२५ च्या फेब्रुवारीत नियम बदलून तसे केले आहे. त्याआधी जन्मलेल्यांना शाळा सोडल्याचा दाखला, पॅन असे इतर मार्ग आहेत. म्हणजे आज जे बाळ पाळण्यात आहे त्याला दुसरी वाट नाही. कायदा १९६९ चा आहे आणि त्यातली मुदत पाठ करून ठेवण्यासारखी आहे: २१ दिवसांत खबर दिली तर पैसा लागत नाही. त्यानंतर ३० दिवसांपर्यंत थोडे विलंब शुल्क. वर्षापर्यंत अधिकाऱ्याची लेखी परवानगी आणि वर स्वसाक्षांकित कागद. वर्ष उलटले की प्रकरण दंडाधिकाऱ्यांच्या आदेशावर जाते, चौकशी होते, आणि हेलपाटे किती पडतील ते सांगता येत नाही. दवाखान्यात जन्म झाला तर खबर दवाखाना देतो; घरी किंवा ऊसतोडीच्या फडावर झाला तर ती जबाबदारी घरच्या माणसांवर येते. आणि नावाचे म्हणाल तर, नाव न घालता नोंद झाली असेल तरी बारा महिन्यांपर्यंत नाव फुकट घालता येते आणि त्यापुढे पंधरा वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. आजोबांच्या नातवाचे काम याच कलमाने झाले. बारशाच्या घुगऱ्या संपायच्या आत हे करून टाकावे, असे मी आता ज्याच्या त्याच्या बारशात सांगत असतो. लोक हसतात, हसू देत.

आता शिक्षक बंधूभगिनींशी दोन शब्द, आणि त्यात माझीही कबुली आहे. मी शाळेत होतो तेव्हा जूनमध्ये मुले दाखल करून घेताना पालकाला जन्मतारीख विचारायचो. आई म्हणे, "मोठ्या पुराच्या साली," बाप म्हणे, "ज्वारी काढणीला." मग आम्ही काय करायचो? १ जून लिहायचो. महाराष्ट्रात १ जूनला वाढदिवस असणाऱ्यांची केवढी मोठी फौज आहे हे तुम्हाला ठाऊक आहे. त्या सगळ्यांच्या आया काही एकाच दिवशी बाळंत झालेल्या नाहीत. ती आमच्या लेखणीची करामत. आमचा हेतू वाईट नव्हता, मुलगा शाळेत यावा एवढाच होता. पण पंचवीस वर्षांनी त्यांतल्याच एकाने मला येऊन विचारले, "गुरुजी, माझा जन्म श्रावणातला, दाखल्यावर ऑगस्ट, शाळेत जून. आता पासपोर्टवाले म्हणतात खरं कोणतं?" माझ्यापाशी उत्तर नव्हते. आता तरी पहिलीच्या नोंदवहीत तारीख लिहिताना जन्मदाखला पुढे ठेवून लिहा. नसेल तर पालकाला तो काढायला लावा. चूक राहिलीच असेल, तर मुलगा शाळेत असेपर्यंत ती दुरुस्त करणे त्यातल्या त्यात सोपे. शाळा सोडल्यावर फार अवघड.

तारखेइतकाच गोंधळ नावाचा. आपले नाव मराठीत एकच असते, इंग्रजीत त्याला पाय फुटतात. वडिलांचे नाव ज्ञानेश्वर आहे असे समजा. एका कागदावर ते 'डी'ने सुरू होते, दुसऱ्यावर 'जी'ने, तिसऱ्यावर 'जे'ने. मराठी माणूस तिन्ही ज्ञानेश्वरच वाचेल, यंत्र मात्र तीन माणसे वाचते. आडनावात एक 'ए' कमी, कुठे दोन. आईचे नाव एका कागदावर माहेरचे, दुसऱ्यावर सासरचे. मुलाच्या जन्मदाखल्यावर जे स्पेलिंग आहे तेच आईवडिलांच्या आधारवर आणि पासपोर्टावर आहे का, हे अर्ज करण्यापूर्वी कागद शेजारी शेजारी ठेवून पाहावे. त्यातच २०२४ च्या मार्चमध्ये राज्य शासनाने ठरवले की १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलाचे नाव शाळेच्या नोंदीसारख्या सरकारी कागदांवर मुलाचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव या क्रमाने लिहावे. निर्णय मला आवडला; नऊ महिने जिने वागवले तिचे नाव कागदावर आले. पण म्हणूनच सर्व कागदांवर एकच क्रम राहील याची काळजी दुप्पट घ्यावी लागेल.

आडनावाचा रकाना कोरा ठेवण्याचा मोह काही घरांत असतो. तो टाळा. २०२२ च्या नोव्हेंबरात संयुक्त अरब अमिरातीने जाहीर केले की पासपोर्टात एकच नाव असलेल्यांना भेटीच्या व्हिसावर येऊ देणार नाही. मागाहून, पासपोर्टात वडिलांचे नाव असेल तर चालेल अशी सवलत दिली. पण मधल्या काळात पुष्कळांची यात्रा अडली.

यापुढचा भाग नाजूक आहे. मुलाच्या पासपोर्टाला आईवडील दोघांची संमती लागते. त्यासाठी 'ड' परिशिष्टाचे प्रतिज्ञापन दोघांनी सही करून द्यायचे. २०१६ च्या डिसेंबरात नियम सुटसुटीत केले, तेव्हापासून ही परिशिष्टे साध्या कागदावर चालतात, मुद्रांकाचा कागद किंवा नोटरी लागत नाही. पण वडील नसतील तर? किंवा असूनही घर टाकून गेले असतील तर? माझ्याकडे अशी एक भगिनी आली होती. नवरा सात वर्षे बेपत्ता, तिला परदेशी बहिणीकडे मुलीला घेऊन जायचे होते, आणि कोणा दलालाने तिला सांगितले होते, "नवऱ्याची सही आण, नाहीतर वीस हजार आण." दोन्हींची गरज नव्हती. दुसऱ्या पालकाची संमती मिळत नसेल तर 'क' परिशिष्ट आहे. त्यात एकट्या पालकाने कारण स्वतः लिहून द्यायचे. आणि २०१६ च्या बदलापासून अर्जात आई किंवा वडील यांपैकी एकाचेच नाव दिले तरी चालते. मुलाच्या ताब्याबद्दल कोर्टात वाद चालू असेल तर मात्र ते लपवू नये. कोर्टाचा आदेश जोडावा. खोटे लिहिले तर पासपोर्ट जप्त होऊ शकतो, आणि त्यात मूल अडकते.

पासपोर्ट हाती आला, तरी मूल आजीआजोबांबरोबर किंवा एकाच पालकाबरोबर निघाले असेल तर आईवडिलांचे संमतिपत्र बरोबर द्यावे. कोण, कोणाबरोबर, कुठे, किती दिवस, आणि आईवडिलांचा दूरध्वनी, हे इंग्रजीत लिहून नोटरीपुढे सही केलेले बरे. सगळेच देश ते मागतात असे नाही. दक्षिण आफ्रिकेने १ जून २०१५ पासून मुलांसाठी आईवडील दोघांची नावे असलेला सविस्तर जन्मदाखला सक्तीचा केला होता. पुढे प्रवासी अडू लागले तेव्हा परदेशी मुलांसाठी तो नियम सैल केला. पण नियम नसला तरी अधिकाऱ्याला शंका आली तर तो थांबवतो. कधी तो गुडघ्यावर बसून मुलालाच विचारतो, "ही कोण तुझी?" अशा वेळी आपले लोक संतापतात. संतापू नये. तो प्रश्न तुमच्या अपमानासाठी नसतो. हातात दुसऱ्याचे मूल असलेला माणूसही तुमच्यासारखाच आजोबा दिसतो.

नेपाळला मात्र आपल्याला पासपोर्टावाचून जाता येते. विमानाने जाताना मोठ्यांना पासपोर्ट किंवा मतदार कार्ड लागते. पंधरा वर्षांखालच्या मुलांना आणि पासष्टीपुढच्या वृद्धांना छायाचित्र असलेला, वय आणि ओळख पटवणारा आधारसारखा कागद चालतो. पंधरा ते अठरा या वयाच्या मुलामुलींना, ज्यांना मतदार कार्ड अजून नाही, त्यांना शाळेच्या मुख्याध्यापकांनी ठरलेल्या नमुन्यात दिलेले ओळख प्रमाणपत्र चालते. म्हणजे मुख्याध्यापकांच्या सहीवर मूल देशाची सीमा ओलांडते. सही करताना मूल समोर उभे करून करावी.

ज्यांची नातवंडे परदेशात जन्मली त्यांच्यासाठी थोडेसे. आईवडील भारतीय असतील आणि मूल आखातात जन्मले, तर वर्षाच्या आत तिथल्या भारतीय वकिलातीत त्याच्या जन्माची नोंद करावी, म्हणजे त्याला भारतीय पासपोर्ट मिळतो. अमेरिकेत जन्मलेले मूल सहसा जन्मानेच अमेरिकन नागरिक ठरते. आपल्या कायद्यात दोन देशांचे नागरिकत्व एकत्र ठेवता येत नाही. तेव्हा त्या मुलाने अमेरिकन पासपोर्ट घेतला की गणपतीला गावी येताना त्याला भारताचा व्हिसा किंवा परदेशस्थ भारतीय नागरिकाचे कार्ड लागते. नातू आपला असला तरी कायद्याने पाहुणा. आजीला हे पटत नाही, आणि पटावे अशी माझीही अपेक्षा नाही, पण व्हिसा मात्र आधी काढावा.

राहिली आजोबांची गोष्ट. नाव घालायला तीन आठवडे गेले, कारण जन्मनोंदीत आईचे नाव सासरचे आणि तिच्या आधारवर माहेरचे होते. ते आधी जुळवावे लागले. मग पासपोर्ट, मग जन्मदाखल्यावर राज्य शासनाचा आणि परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का, मग व्हिसा. पहिली तिकिटे वाया गेली. सगळे हाती येईपर्यंत बाळाला दोन वर्षे पूर्ण होऊन अकरा दिवस झाले होते, आणि तेवढ्या अकरा दिवसांसाठी त्याची पूर्ण जागा विकत घ्यावी लागली. आजोबा निरोप द्यायला मुंबईपर्यंत गेले. परत आल्यावर पैशाबद्दल एक अक्षर बोलले नाहीत. एवढेच म्हणाले, "खिडकीजवळची मिळाली पोराला."